पलीकडच्या बाजूची खुर्ची

मे महिना आला की इथे अमेरिकेत रस्त्यांच्या कडेला सोफे उगवतात. कामावर जाता-येताना माझी गाडी शेजारच्या विद्यापीठगावातून जाते. दुसऱ्या आठवड्यात परीक्षा संपतात, पोरं खोल्या रिकाम्या करतात आणि जे गाडीत मावत नाही ते फुटपाथवर आणून ठेवतात. तीन पायांचं टेबल, टोपी वाकडी झालेला दिवा, बसून बसून मध्ये खड्डा पडलेला सोफा. त्यावर कुणीतरी कागद चिकटवलेला असतो, 'फुकट, घेऊन जा'. माझा नवरा म्हणतो, तू सिग्नलला थांबलीस की तुझी नजर त्या सोफ्यांवर असते, एक दिवस घेऊन येशील घरी. वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात बसायला आता हव्या तेवढ्या खुर्च्या आहेत. तरी नजर जाते हे खरं.

यंदा, दोन हजार आठच्या या मेमध्ये, त्या सोफ्यांच्या जोडीला माझ्या जुन्या चिनी रूममेटची, श्यूलानची, मेलही आली. ती मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून दोनदा वाचली आणि तिथेच डोळे भरून आले. मी काही लगेच रडणारी बाई नाही. घरी येऊन पोरीला खाऊपिऊ घातलं, आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आधी हे लिहायला बसले.

मी शिकायला होते त्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातला दोन हजार चारचा तो वसंत. वसंत हा शब्द पेनसिल्व्हेनियाच्या मार्च-एप्रिलला जरा मोठाच होतो. एक दिवस ऊन पडतं, पोरं अर्ध्या चड्डीत हिंडायला लागतात, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात अजून काळ्या पडलेल्या बर्फाचा ढीग असतो. पण वारा फिरला की विद्यापीठाच्या शेतांवरून शेणखताचा वास यायचा. पुण्याची केतकी, माझी रूममेट, नाक मुरडून खिडकी लावायची. मी सांगलीची. मी ती पुन्हा उघडायची. अमेरिकेत येऊन मला पहिल्यांदा घरची आठवण आली ती त्या वासानं, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढं शिकायला पाठवलं ते शेण हुंगायला का?

आमच्या अपार्टमेंटमधली तिसरी खोली रिकामी झाली म्हणून आम्ही परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. त्या वसंताच्या दीड वर्ष आधी ती चिठ्ठी वाचून श्यूलान आली, हातात गरम पाण्याचा थर्मास घेऊन. आम्ही दोघी चोवीसच्या, ती छत्तीसची. तिकडे नवरा होता, आठ वर्षांची मुलगी होती. उत्तर चीनमधल्या एका कॉलेजात ती डिप्लोमसी शिकवायची. म्हणजे परराष्ट्र खात्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांना बोलणी कशी करावीत, पाहुण्याला कुठे बसवावं, काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हे शिकवायची. ती गेल्यावर केतकी म्हणाली, "हे शिकवतात? माझ्या आजेसासूबाईंना नेऊन बसवलं पाहिजे तिकडे, व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून." केतकीचं तेव्हा नुकतंच ठरलं होतं.

श्यूलानला कॉलेजनं दोन वर्षांची रजा दिली होती, आणि तीही सहज मिळालेली नव्हती. तिचे जुने गुरू, विभागाचे प्रमुख मेंग सर, यांनी स्वतःचा शब्द टाकला होता, की ही मुलगी पदवी घेईल आणि परत येईल. दोन वर्षं त्या उन्हाळ्यात संपत होती. मेच्या आत प्रबंध पुरा होणं भाग होतं, आणि प्रबंधाचा विषय होता, चीनमधल्या कॉलेजांत डिप्लोमसी कशी शिकवतात. मला तेव्हा वाटलं, सोपंय. स्वतःच्याच कामाबद्दल तर लिहायचंय.

वरच्या मजल्यावर नागपूरचा प्रवीण राहायचा. संत्र्यांबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्याला खपत नसे, बाकी माणूस फार गोड. त्यानं पहिल्याच आठवड्यात तिला 'श्यूलान मावशी' करून टाकलं. तिनं अर्थ विचारला. आईची बहीण, असं सांगितल्यावर तिनं वही काढली आणि गंभीरपणे विचारलं, आईपेक्षा मोठी बहीण की धाकटी? त्यांच्याकडे दोन्हींना वेगवेगळे शब्द असतात म्हणे. प्रवीण डोकं खाजवत म्हणाला, मोठी असली तरी मावशी, धाकटी असली तरी मावशीच. ते तिला अपुरं वाटलं, पण तिनं लिहून घेतलं. कुणाला काय म्हणायचं हा आमच्याकडे पहिल्या आठवड्यातला पहिला धडा असतो, असं ती म्हणाली. मला मात्र ती कधी मावशी वाटली नाही. मी तिला नावानंच हाक मारायची, भांडायचीही नावानंच.

तिच्या शिक्षणाच्या गोष्टी ती भाजी चिरता चिरता सांगायची. माझ्यासाठी ती अंडं आणि पातीचा कांदा घालून मोमोसारखे काहीतरी करायची, आणि हात चालू असला की तोंडही चालायचं. त्यांच्या वर्गात रोज सकाळी पहिल्या तासाला कालचं आणि आजचं वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवायचे. एखाद्या देशाबद्दल काल जे वाक्य छापलं होतं तेच आजही असायचं, जवळजवळ तसंच. त्यातला एखादा शब्द सरकलेला, गळलेला किंवा नवा आलेला असेल तर तो शोधायचा. ज्याला तो सापडेल त्यानं उभं राहून सांगायचं, याचा अर्थ काय. चार वर्षं रोज हे केलेल्या माणसाचे डोळे कसे होत असतील याची कल्पना करा. आमचा भाडेकरार तिनं वाचला तेव्हा घरमालकाला दोन जागी घाम फुटला होता.

माझ्या गाइडच्या मेलसुद्धा तिनं मला तशाच वाचायला लावल्या. मी मटेरियल सायन्समध्ये होते, भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकच्या चकत्यांना तडे का जातात हे शोधत. माझ्या चकत्यांना फारच जायचे. मार्चमध्ये एके सकाळी मी तिला मेल दाखवली, बघ, गाइड खूश आहेत. तिनं मागच्या महिन्याची मेल काढायला सांगितली. दोन्ही वाचून ती म्हणाली, मागच्या वेळी त्यांनी प्रगती 'चांगली' आहे लिहिलं होतं, आता 'थोडी' लिहिलंय. शुक्रवारच्या आत भेट. मी भेटले. शुक्रवारी ते माझा प्रोजेक्ट दुसऱ्या मुलाला देण्याच्या बेतात होते हे नंतर कळलं. तेव्हापासून मी तिच्या विषयाला हसणं बंद केलं.

आणि भारताची गंमत तर सांगायलाच हवी. त्यांच्याकडे तिसऱ्या वर्षापासून खोट्या वाटाघाटींचा तास असे. लांब टेबल, दोन बाजू, दोन छोटे झेंडे. एक बाजू आपली, एक परकी. परक्या बाजूनं इंग्रजीतून बोलायचं, म्हणून ज्याचं इंग्रजी सगळ्यात चांगलं तो परका. श्यूलानचं इंग्रजी वर्गात पहिलं. त्यामुळे ती सदा पलीकडच्या खुर्चीत. आणि एक अख्खं सत्र ती भारत होती. सीमेच्या प्रश्नावर भारताचं म्हणणं तिला शब्दन् शब्द पाठ होतं, आणि भातात पाणी घालता घालता ते ती मला खणखणीत इंग्रजीत म्हणून दाखवायची. मी मान डोलवायची. सांगलीच्या शाळेत नकाशात रंग भरण्यापलीकडे त्या सीमेशी माझा संबंध आला नव्हता. आपल्या देशाची बाजू एका चिनी बाईकडून, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता शिकलेली मी एकटीच असेन.

मी एकदा विचारलं, मग जिंकायचं कोण?

ती म्हणाली, तास पन्नास मिनिटांचा असायचा. शिक्षकांच्या टिपणात शेवट लिहिलेला असायचा. शेवटच्या पाच मिनिटांत आपली बाजू आपला प्रस्ताव पुन्हा मांडते आणि परकी बाजू तो स्वीकारते. मग टाळ्या आणि घंटा. म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोर दर आठवड्याला हरायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगात सगळीकडे आहे, पण त्याचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मोठ्यांदा हसले. ती हसली नाही. ते टिपण मेंग सरांनी लिहिलेलं होतं. पुढे शिक्षिका झाल्यावर नऊ वर्षं ती स्वतःही त्याच टिपणावरून शिकवत आली होती.

घोडं इथेच पेंड खात होतं. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात हे यायला हवं होतं. तिच्या गाइड, एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, तिला म्हणाल्या होत्या, बाकी सगळं माहिती आहे, तुझं सांगणं हे एवढंच आहे, हे गाळलंस तर उरतं काय? पण प्रबंधाची एक प्रत तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाणार होती आणि मेंग सर ती पहिल्या पानापासून वाचणार होते. श्यूलान कोळशाच्या खाणीच्या गावातून आलेली मुलगी. कॉलेजात आली तेव्हा तिचे उच्चार ऐकून पोरं हसायची. दोन हिवाळे मेंग सरांनी तिला सकाळी साडेसहाला व्हरांड्यात उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं, आणि स्वतः कोटाच्या खिशात हात घालून समोर उभे राहिले. ती जी काही झाली होती ती त्या व्हरांड्यात झाली होती. लिहिलं नाही तर प्रबंध खोटा, आणि लिहिलं तर ज्या माणसानं माझ्यासाठी शब्द टाकला त्याच्या जन्मभराच्या कामावर मी परदेशात बसून बोट ठेवलं, असं ती म्हणायची. एप्रिल लागला तरी चौथं प्रकरण दोन पानांच्या पुढे सरकत नव्हतं.

मी तिला सल्ला दिला. मला सल्ले द्यायला नेहमीच आवडतं, उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हातखंडा आहे. म्हटलं, खरं आहे ना, मग लिही सरळ. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ धुवायला घेतले. मग तिनं विचारलं, तुझ्या शिक्षकांना तू कधी सांगितलंस, ते चुकले म्हणून?

मला आमचे थर्मोडायनॅमिक्सचे सर आठवले. पिवळ्या पडलेल्या वहीतून ते नोट्स सांगायचे. त्यातल्या एका सूत्रात अधिकच्या जागी उणे होतं. सगळ्या वर्गाला माहीत होतं, आमच्या आधीच्या दहा वर्गांनाही माहीत असणार. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी उणेच लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. त्यांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिल्यावर भाषण मीच केलं. सर फार प्रेमळ होते, आमच्या घरी एकदा स्वतः गुणपत्रिका घेऊन आले होते. श्यूलानला मी खरं ते सांगितलं, की नाही, कधीच नाही. तिनं धुतलेले तांदूळ कुकरमध्ये टाकले. पण त्यानंतर मी तिला 'लिही सरळ' म्हणाले नाही.

शेवटच्या प्रकरणात तिला नवा पाठ सुचवायचा होता, ज्यात शेवट आधी लिहिलेला नाही. गाइडबाईंनी विचारलं, हे कधी करून पाहिलंस का? मग करून पाहायला जे लोक हाताशी होते ते आम्हीच. एप्रिलमधला तो शनिवार. आदल्या आठवड्यात सगळीकडे पिवळी झुडपं फुलली होती आणि त्या सकाळी त्यांच्यावर चार बोटं बर्फ. बस बंद, कुठे जाता येत नव्हतं, म्हणून सगळे तयार झाले. मी पोहे केले. दोन देश ठरले, दोन्हींतून वाहणारी एकच नदी. वरच्या देशाला धरण बांधायचंय, खालच्याला उन्हाळ्यात पाणी पाहिजे. केतकी आणि प्रवीण वरचा देश, मी आणि श्यूलान खालचा. तिनं कामाच्या गोष्टी आधी कागदावर दिल्या होत्या. वरच्यांना सिमेंट आणायला आमच्याच रस्त्यानं यावं लागणार होतं, म्हणजे हुकमाचं पान आमच्याकडे होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही सुरू केलं.

धरण आणि पाणी हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं शिकवायला लागत नाही. पहिली वीस मिनिटं वरच्या देशातच यादवी. प्रवीण म्हणे, "यार, थोडं पाणी सोडून देऊ ना, आपल्याकडे एवढं आहे." केतकी म्हणे, "तुम्ही नागपूरकर असेच, आधीच कॉम्प्रोमाइज करता." आम्ही दोघी पोहे खात त्यांचं भांडण ऐकत बसलो. मग श्यूलान बोलायला लागली. आवाज न चढवता, एकेक मुद्दा असा मांडत होती की मला माझ्या त्या नसलेल्या देशाचा अभिमान वाटायला लागला. रस्त्याची गोष्ट तिनं नुसती सुचवली. केतकीचा चेहरा पडला. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न होता, ते पाणी देणार होते. प्रवीणला भूक लागली होती आणि त्याच्याकडे नवीन काही नव्हतं, म्हणून त्यानं आपलं सुरुवातीचंच म्हणणं पुन्हा एकदा वाचून दाखवलं, धरण आमचं, पाणी आमच्या मर्जीनं.

श्यूलान उठून उभी राहिली. तिनं शर्ट सारखा केला आणि म्हणाली, "आमची बाजू हा प्रस्ताव स्वीकारते."

मला वाटलं डाव असेल. प्रवीणला वाटलं चेष्टा. तो म्हणाला, "मावशी, अहो, तुम्ही जिंकत होता." केतकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बारा वाजले बरोबर." अकरा दहा ते बारा, पन्नास मिनिटं. श्यूलानची पाठ घड्याळाकडे होती. ती खाली बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या ठरवून बोलणाऱ्या बाईला स्वतःच्याच तोंडातून आलेलं वाक्य ओळखू येत नव्हतं.

"मला कुणीच हरायला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

बाहेर बर्फ वितळून पन्हाळीतून पाणी गळत होतं. प्रवीणनं तिच्या बशीत पोहे वाढले. मला वाईट वाटत होतं आणि जरा भीतीही वाटत होती, की आपल्याही आत असं काय काय लिहून ठेवलेलं असेल.

त्या सोमवारपासून तिनं चौथं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं, आणि सुरुवात आमच्या स्वयंपाकघरापासून केली. एका शिक्षिकेनं स्वतःच आखलेल्या पाठात, शेवट मोकळा ठेवून, पन्नासाव्या मिनिटाला हार मानली, असं. मग तिनं चार वर्षं विद्यार्थिनी म्हणून आणि नऊ वर्षं शिक्षिका म्हणून काय काय केलं ते लिहिलं. टिपण कुणाचं होतं हे लिहिलं नाही, पण ते तिच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. दहा दिवसांत प्रकरण पुरं झालं. ग्रंथालयात जायच्या आधी ते सरांच्या हातात आपल्याकडूनच गेलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. मी म्हटलं मेल कर. ती म्हणाली, असलं मेलनं पाठवत नाहीत. तिनं सगळी पानं छापली, सोबत हातानं लिहिलेलं पत्र ठेवलं, आणि आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो. काउंटरवर पाकीट देताना तिनं ते एक क्षण सोडलंच नाही, पलीकडच्या माणसाला हलकेच ओढून घ्यावं लागलं.

उत्तराची वाट बघण्यात मॅग्नोलियाची झाडं फुलली आणि फुलं गळूनही गेली. पाकीट पोचायला बारा दिवस, उत्तर यायला बारा दिवस, असा तिचा हिशेब होता, पण फोन तर त्याच दिवशी येऊ शकतो हे आम्हा दोघींना कळत होतं. विभागातल्या दुसऱ्या कुणाच्यातरी मेलमधून कळलं, की पाकीट पोचलं, मेंग सरांनी ते घेतलं आणि घरी नेलं. एवढंच. ती जेवायची, शिकवणी घ्यायची, ठरावीक वेळी मुलीला फोन करायची. थर्मास मात्र दिवसातून चारदा भरायची.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, म्हणजे डिफेन्सला, आम्ही तिघं शेवटच्या रांगेत. प्रवीणनं टाय लावला होता. प्रश्न बरेच झाले, त्यातले निम्मे मला कळले नाहीत. शेवटी गाइडबाईंनी विचारलं, हे टिपण ज्यांनी लिहिलं त्यांना आज तू काय म्हणशील? श्यूलाननं समोरचे कागद सारखे केले.

"मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूचं म्हणणं पूर्ण समजून घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. फक्त शेवटची पाच मिनिटं आम्ही दोघांनीही ऐकलं नाही."

ती पास झाली. विद्यापीठाच्या डेअरीत जाऊन आम्ही आइस्क्रीम खाल्लं, उन्हात भिंतीवर बसून. नंतर प्रबंधाचे समास पट्टीनं मोजणाऱ्या ऑफिसातून तिला दोनदा परत पाठवलं, तेही झालं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्रवीणच्या गाडीतून आम्ही तिला विमानतळावर सोडलं. तिचं सामान कमी आणि पुस्तकं फार होती. घरी आल्यावर केतकीनं आणि मी तिच्या खोलीतला सोफा उचलून फुटपाथवर ठेवला. मी बराच वेळ त्यावर बसून राहिले, आतमध्ये जावंसं वाटेना.

त्यानंतरची चार वर्षं मेलमधून आली. तिची नोकरी टिकली. कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही, आणि हेच तिला जड गेलं. वाटाघाटींचा तास मात्र दुसऱ्या शिक्षिकेकडे गेला, श्यूलानकडे शिष्टाचार आणि इंग्रजी. मेंग सर निवृत्त झाले. रस्त्यात भेटले तर थांबायचे, मुलगी कितवीत आहे विचारायचे. प्रबंधाबद्दल अवाक्षर नाही. नव्या वर्षाला ते सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवायचे, तसं तिलाही यायचं, दोन ओळींचं. ती पत्रं तिनं शेजारी शेजारी ठेवून बघितली होती. चौथ्या वर्षापर्यंत एक शब्दही सरकला नव्हता, असं तिनं मला या जानेवारीत कळवलं. मी तिला लिहिलं, सोड आता, तू करायचं ते केलंस. तिनं उलट लिहिलं, की मला माफी नको आहे, पदवीही आता जुनी झाली, मला फक्त सरांनी माझ्याशी त्यावर एकदा बोलायला हवंय, अगदी भांडलेसुद्धा तरी चालतील.

त्या काळात माझं लग्न झालं, पदवी झाली, मुलगी झाली. आमच्या ऑफिसात रोज कुठे ना कुठे बोलणी चालतात, कुणाला किती दिवस, कुणाची मशीन. मीटिंग संपायला आली की माझं लक्ष आपोआप घड्याळाकडे जातं आणि मी सावध होते, की आता आपण उगीच कुठली गोष्ट मान्य करणार आहोत का. पुष्कळदा करते. सासूबाई भारतातून आल्या की जरा जास्तच करते. हे कुणी शिकवलं मला? सांगलीत तर असलं टेबलही नव्हतं, झेंडेही नव्हते.

आता आजची मेल. या सत्रात ती दुसरी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि वाटाघाटींचा तास श्यूलानकडे आला. टिपणाचं शेवटचं पान तिनं मुलांना दिलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात तास सुरू व्हायच्या आधी वर्गाचं मागचं दार उघडून मेंग सर आत आले. सहासष्ट वर्षांचे, टोपी हातात. शेवटच्या बाकावर बसले. श्यूलानला वाटलं, आता ते सगळ्यांसमोर त्या पानावरून सुनावतील. तिनं चार मुलांना 'आपली' बाजू दिली. परकी बाजू कुणी घ्यायची, असं विचारल्यावर मागून आवाज आला, की कुणाची हरकत नसेल तर ती मी घेतो. जन्मभरात ते त्या बाजूला कधी बसले नव्हते. ते बाकांच्या मधून हळूहळू पुढे आले आणि तिच्या जुन्या जागेवर, खिडकीकडे पाठ करून बसले.

त्यांचं इंग्रजी जुन्या वळणाचं, ती लिहिते. पण एकेका मुद्द्यावर ते असे अडून बसले की समोरच्या चार पोरांना घाम फुटला. ते पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, आणि जे द्यायचं नव्हतं ते दिलं नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली. समोरच्या मुलानं शेवटचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तिला वर बघवेना. ती टेबलावरच्या झेंड्याकडे बघत राहिली. सर काहीच बोलले नाहीत. मग पन्नास मिनिटं झाली आणि घंटा वाजली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण काही ठरलंच नव्हतं. मेंग सरांनी आपले कागद एकावर एक ठेवले, तिच्याकडे वळले आणि विचारलं, "पुढचा तास कधी आहे?"

बावीस मुलांसमोर ती वहीत वेळापत्रकाचं पान शोधू लागली. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मंगळवारी, सर. साडेदहाला."